मयत बाईंचा अभिप्राय

अकोल्याच्या तहसील कचेरीत देवमन तायडे नावाचा एक कारकून होता. कचेरीत त्याच्या अक्षराला फार मान होता, त्याला स्वतःला मात्र बेताचाच. कुणा साहेबाची बदली झाली की मानपत्र देवमनने लिहायचं, आणि ते वाचलं जात असताना देवमनने मागे उभं राहून चहाचे कप मोजायचे. देवमन कविताही करी. त्या मासिकांकडे जात आणि मासिकं त्या परत पाठवत. सात वेळा परत आल्या, पण हस्ताक्षर सुंदर असल्याचं तीन संपादकांनी आवर्जून कळवलं होतं.

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात टॉकीजचे मॅनेजर खुशालराव लाल कापडी बांधणीची एक जाडजूड वही घेऊन त्याच्या टेबलाशी आले.

“देवमनबाबू, एक काम हाय. तुमच्याच लायकीचं.”

टॉकीजला ‘मिस चंडोल’ नावाचा हिंदी सिनेमा लागला होता. सर्कशीत उंच तारेवरून चालणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या बाईची ती जीवनकथा होती, आणि ती बाई मूळची वऱ्हाडची होती. म्हणून मुंबईच्या कंपनीने पत्र पाठवलं होतं, की वऱ्हाडातल्या प्रेक्षकांचे शंभर प्रामाणिक अभिप्राय चांगल्या अक्षरात लिहून पाठवावेत. त्यांची पुस्तिका छापली जाईल आणि तीत संकलकाचं नाव राहील.

संकलक! देवमन तो शब्द दिवसभर तोंडात घोळवत राहिला. संध्याकाळी बायकोला, शालूला, त्याने ही बातमी जरा सावकाश, एक-एक शब्द वेगळा करून सांगितली.

“संकलक म्हंजे काय असते?” शालूने विचारलं.

“जो गोळा करते तो.”

“मंग आपल्या मोहल्ल्यात कचरा गोळा कराले येते, तोबी संकलकच म्हना.”

देवमनने वही उचलून बगलेत मारली. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाने घरात वाद घालू नये, असं त्याचं मत होतं.

पहिल्यांदा त्याने स्वतः सिनेमा पाहिला. त्यात मिस चंडोल ही एका ठाकुराची जत्रेत हरवलेली मुलगी असते. तिला सर्कसवाले वाढवतात. ती दरीवर तार बांधून चालते. खाली वाघ असतो, तो वाघ का आहे हे कुणी सांगत नाही. एक राजपुत्र तिच्यावर प्रेम करतो, ठाकूर घोड्यावर बसून लांबून पाहतो, त्याला तिची ओळख पटते, आणि नेमकी तेव्हाच तार तुटते. मिस चंडोल इतकी हळू पडते, की पडता पडता तिचं सगळं बालपण दाखवून होतं. देवमन रडला. शेजारच्या अनोळखी माणसाचा रुमाल घेऊन रडला. घरी येऊन त्याने वहीच्या पहिल्या दोन पानांवर स्वतःचा अभिप्राय लिहिला. त्यात ‘नियती’ हा शब्द पाच वेळा आला.

दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की तो टॉकीजच्या दाराशी टेबल टाकून बसू लागला. लोक ढसाढसा रडत बाहेर पडतील, आपण हळुवारपणे लेखणी पुढे करू, असं त्याच्या मनात होतं. लोक रडत बाहेर पडत, हे खरं. पण लेखणी दिसली की डोळे कोरडे करून वेगळंच बोलत.

“लिवा, पंखा बंद होता,” पहिला प्रेक्षक म्हणाला.

“सिनेमाबद्दल सांगा, भाऊ.”

“सिनेमाभर बंद होता.”

कापसाच्या एका आडत्याने सांगितलं, की बाई पडली तेव्हा फार वाईट वाटलं, पण आधीच पडली असती तर मधलं एक गाणं वाचलं असतं. तालमीतला एक पहिलवान म्हणाला, “तार कच्ची. मी असतो त पडलो नसतो.” शाळामास्तर पंजाबराव वहीच्या पानावर त्रिकोण काढून बसले. बाईचं वजन आणि तारेचा ताण पाहता ती दुसऱ्या रिळातच पडायला हवी होती, पुढचं सगळं कल्पित समजावं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. गल्लीतल्या इंदूबाई मात्र डोक्यावरचा पदर सारखा करून मनापासून बोलल्या, “बाईच्या जातीनं इतकं वर चढाव कायले? पन चढली त चढली. मले लय बरं वाटलं. मी उद्या आनखी येतो.”

हे सगळं मुंबईला जसंच्या तसं पाठवणं देवमनला वऱ्हाडच्या अब्रूला शोभणारं वाटेना. त्याने भाषेवर थोडा हात फिरवला. इंदूबाईंच्या नावावर ‘स्त्रीशक्तीचा तो गगनस्पर्शी आविष्कार पाहून माझे अंतःकरण उचंबळून आले’ असं वाक्य पडलं. पहिलवानाचं ‘विधिलिखित कोणास चुकले आहे’ झालं. पहिलवानाने ते दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि टेबलावर मूठ ठेवून शांतपणे विचारलं, “मी असं कवा म्हनलं, बाबू?” ती मूठ पाहून देवमनने त्याच्यादेखत मूळ वाक्य परत लिहिलं. वर ‘पडलो नसतो’ खाली दोन रेघा मारून दिल्या.

इतक्यात कचेरीत मेमो आला. शासकीय सेवकाने चित्रपटगृहाच्या दारात टेबल टाकून बसणे कोणत्या नियमात बसते, याचा खुलासा नायब तहसीलदारांनी मागवला होता. देवमनने रात्र जागवली नाही, पण दुपार पुरती जागवली आणि असा खुलासा लिहिला, की साहेबांनी तो नमुना म्हणून कपाटात ठेवून घेतला. मग साहेब खुर्चीत जरा पुढे सरकून म्हणाले, “काय हो तायडे, त्या वहीत आमचा अभिप्राय पहिल्या पानावर यायला हरकत नसावी ना?”

पहिल्या पानावर देवमनची नियती होती. पण नोकरीही होतीच. त्याने काळजावर दगड ठेवून स्वतःची दोन पानं फाडली. फाडताच बांधणीचा दोरा सैल झाला आणि मागची तीन पानं आपोआप हातात आली. त्यातलं एक मामलेदारांच्या सासऱ्यांचं होतं. ती चिकटवायला म्हणून वही खुशालरावांच्या खोलीत खळ लावून वाळत ठेवली, तर खुशालरावांच्या माणसाने ती सिनेमाच्या डब्यांबरोबर बांधून अमरावतीच्या गाडीत चढवली. सिनेमाचा अकोल्यातला मुक्काम संपला होता. तिकडचं टॉकीजही त्याच मालकाचं होतं आणि खुशालराव दोन्हीकडचं पाहत.

रविवारी देवमन पॅसेंजरने निघाला, बडनेऱ्याला उतरला आणि टांग्याने अमरावतीला पोचला. वही सुखरूप होती. नुसती सुखरूप नव्हती, तर भरत आली होती. अमरावतीच्या डोअरकीपरने ती दाराशी उघडी ठेवली होती आणि तिथल्या लोकांनी आपले अभिप्राय लिहून, वर अकोल्याच्या अभिप्रायांवरही अभिप्राय दिले होते. नायब तहसीलदारांच्या खाली कुणी तरी ‘भाषण आवरा’ असं लिहिलं होतं. पंजाबरावांचा त्रिकोण चुकल्याचं सांगून शेजारी दुसरा काढला होता. देवमनने एकेक पान उलटलं. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव आणि शंभरावं पान. त्यावर डोअरकीपरच्या वाकड्या अक्षरात एकच ओळ होती, आणि खाली अंगठा.

‘मी मेली नाही. चतुराबाई, रा. बडनेरा.’

हा सरळ चावटपणा होता. देवमनने लाल शाई मागवली, ती ओळ पट्टीने खोडली आणि बाजूला ‘अप्रस्तुत’ असा शेरा मारून सही केली. शेरा फार देखणा उतरला. जागा भरायला म्हणून टॉकीजच्या मालकाच्या पुतण्याचे चार शब्द त्याने खाली घेतले आणि शंभर पुरे केले.

तीनचा खेळ सुटला. बायकांच्या दारातून एक पिकल्या केसांची, काटक बाई बाहेर आली, नऊवारी नेसलेली. ती गर्दीतून सरळ टेबलाशी आली आणि तिने वहीतलं ते पान बरोबर उघडलं. वाचता येत नव्हतं, पण आपला अंगठा तिला ओळखता येत होता.

“हे कोनं खोडलं जी?”

“मी,” देवमन म्हणाला. “मी संकलक आहे.”

“असा. तुमी असा संकलक. मंग मी मेली का नाही, हे तुमाले कोनं सांगतलं?”

देवमनने वर पाहिलं. “म्हणजे तुम्ही—”

“मीच थे. मिस चंडोल. अठरा वर्सं चालली तारीवर.” बाई खाली बसल्या आणि पायावरचं लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं. नडगीवर लांब व्रण होता. “पडली, हे खरं हाय. नागपूरले पडली. तीन महिने दवाखान्यात होती. सिनेमावाले माह्या पडन्यापर्यंत आले आन तिथंच थांबले. त्याच्यापुढंच त माहं लगन झालं! बाजूच्या खाटीवर रेल्वेतले, रूळ बदलनारे सांधेवाले होते, त्याईचाबी पाय मोडला होता.”

“कंपनीने तुम्हाला विचारलं नाही?”

“नाही बापा. त्याईले वाटलं असंन, मेली. मेलेल्याले कोन इचारते?”

खुशालराव आतून धावत आले. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडला. ते हात जोडून, पण हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुमी मेल्या म्हनून सिनेमा चालून राहिला. बायका चार-चार डाव येऊन रडून राहिल्या. तुमी आता मधातच जित्या झाल्या, त उद्यापासून येईन कोन? आन तुमी थेच कायवरून?”

आता इथे देवमनने गप्प राहायला हरकत नव्हती. वही पुरी झाली होती, गाडीची वेळ होत आली होती. पण आपण एका जिवंत बाईला लाल शाईने खोडलं, ही गोष्ट त्याला टोचू लागली. आणि टोचणी लागली की कारकुनाला एकच उपाय सुचतो.

“मावशी, हयातीचा दाखला आणू,” तो म्हणाला. “दाखला असला की कुणाच्या बापाला नाही म्हणता येणार नाही.”

अकोल्याला रजेची तार करून तो रात्री बडनेऱ्याला चतुराबाईंच्या घरी राहिला. सांधेवाल्यांनी त्याला भाकर-झुणका वाढला आणि बायको मेल्याच्या बातमीवर एवढंच म्हटलं, “सकाळी त बरी होती.” सोमवारी अकराच्या ठोक्याला देवमन चतुराबाईंना घेऊन अमरावतीच्या कचेरीत हजर झाला. टेबलामागे नत्थुजी नावाचे कारकून होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“यांची पेन्शन आहे?”

“नाही.”

“मग हयात असण्याचं कारण काय?”

देवमन चमकला. हा प्रश्न, हा स्वर, ती चष्मा पुसायची पद्धत, सगळं त्याच्या ओळखीचं होतं. आपण अकोल्यात टेबलामागे असेच दिसतो, हे त्याला टेबलापुढे उभं राहिल्यावर प्रथमच कळलं, आणि कळून फारसं बरं वाटलं नाही.

नत्थुजी माणूस वाईट नव्हते. त्यांनी तीन रजिस्टरं काढून पाहिली. मग समजावून सांगितलं, “हे पाहा तायडे, बाई जिवंत आहेत, हे मी लिहून देऊ शकतो. पण सिनेमात मयत झालेली बाई जिवंत आहे, असा नमुना सरकारने छापलेला नाही. आधी त्या मयतीची नोंद कुठे झाली ते आणा. मग ती रद्द करू.”

“सिनेमात झाली.”

“मग सिनेमा कोणत्या ग्रामपंचायतीत येतो?”

चतुराबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि देवमनला म्हणाल्या, “चाला बाबू. कागदानं नाही होत, त पायानं होईन.”

टॉकीजवर पोचले तेव्हा तीनच्या खेळाची रांग लागली होती. रांग मोडू नये म्हणून तिकिटाच्या खिडकीपर्यंत लोखंडी नळांचे कठडे होते, छातीएवढे उंच, मनगटाएवढे जाड, वीस-बावीस पावलं लांब. चतुराबाईंनी कठड्याला हात लावून पाहिला, जरा हलवला. मग चपला काढल्या आणि देवमनच्या हातात दिल्या.

“धरा.”

“मावशी, हे काय करून राहिल्या?” घाबरल्यावर देवमनची कचेरीतली भाषा गळून पडे. “तुमचा पाय... तुमचं वय... मावशी, उतरा!”

पण त्या चढल्या होत्या. एक पाय दगडी पायरीवर, दुसरा सरळ नळावर, आणि पुढच्या क्षणी त्या रांगेतल्या डोक्यांच्या वर उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पसरले. पाऊल आधी टेकायचं, मग नळ बोटांनी चाचपायचा, मग अंग पुढे न्यायचं, अशा त्या निघाल्या. सुरुवातीला एक हसला, एकाने शिट्टी मारली. पाचव्या पावलानंतर कुणीच काही केलं नाही. खिडकीतला तिकीटवाला मान बाहेर काढून पाहू लागला. टांगेवाले रस्त्यात उभे राहिले. एका सरकारी नोकराने भर रस्त्यात दोन्ही हातांत बाईच्या चपला छातीशी धरल्या होत्या, त्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं, त्याचं स्वतःचंही नव्हतं. मधोमध आल्यावर कठडा डुगडुगला. दुखरा पाय लटपटला. बायकांच्या रांगेतून “अगं माय!” असा आवाज आला. चतुराबाई थांबल्या, खाली पाहिलं नाही, सुटलेला पदर एका हाताने सावकाश खोचला, आणि मग सिनेमातल्या नटीने सगळ्या सिनेमात एकदाही केलं नव्हतं ते केलं. टाचेवर गर्रकन वळून त्या आल्या वाटेने परत निघाल्या.

खुशालराव हात जोडून कठड्याबरोबर खालून पळत होते. “बाई, उतरा! जित्या हाय तुमी, मंजूर हाय! लेखी देतो, पन उतरा!”

मॅनेजरच्या खोलीत चहा आला. देवमनने शंभराच्या पुढचं कोरं पान उघडलं आणि वर ‘अभिप्राय क्रमांक एकशे एक’ असं लिहिलं. “सांगा मावशी.”

“सिनेमा बरा हाय,” चतुराबाई म्हणाल्या. “पोरीनं मेहनत केली. मरन बी चांगलं झालं, मी सोता रडली. राजपुत्र दाखवला, तो आमच्या सांधेवाल्याईले दाखवनार हाय मी एक डाव. मेली म्हनून दाखवलं, त्याचं मले काई नाही. कवातरी त मरनंच हाय. पन माह्या बापाले ठाकूर कावून केलं जी?”

देवमनची लेखणी थांबली.

“माहा बाप जानराव. तिवस्याले मजुरी करे. पयला दोर त्यानंच बांधला, दोन बाभयीच्या मधात, गुडघ्याएवढा. मंग कमरेएवढा. मंग त्याच्या डोक्यावर. सिनेमातला बाप घोड्यावर बसून दूरून पाहाते. माहा बाप खालून चाले. हात पसरून चाले, मी पडली का झेलाले. आन वर नाही पाहे तो. म्हने, तुह्याकडे पाहलं त तू भेसीन. तो माही सावली पाहे जमिनीवर. सावली हालली का हात पुढं करे.” त्यांनी बशीतला चहा फुंकला. “लिवा बाबू. बापाचं नाव जानराव.”

देवमनच्या डोक्यात सवयीने ‘पितृवात्सल्य’ येऊन उभं राहिलं होतं, त्याच्यामागे ‘छत्रछाया’ही आली होती. त्याचा स्वतःचा बाप बाळापूरला दुसऱ्यांच्या शेतात राबला होता आणि देवमनने कवितेत त्याला ‘कृषिवल’ म्हटलं होतं. त्याने ते दोन्ही शब्द दाराबाहेर ठेवले. चतुराबाई बोलल्या तसं, ‘पाहे’ला ‘पाहे’ आणि ‘भेसीन’ला ‘भेसीन’ लिहिलं. एक मात्रा बदलली नाही. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. ऐकून त्या म्हणाल्या, “हो, मीच बोलून राहिली हे,” आणि अंगठा दिला.

पुढे ती पुस्तिका निघाली. एकशे एकावा अभिप्राय तीत जसाच्या तसा आला आणि संकलकाच्या जागी ‘श्री. खुशालराव, मॅनेजर’ असं छापलं होतं. देवमन दोन दिवस जेवला नाही, असं तो सांगे. शालू म्हणे, एकच वेळ. पण ते नंतरचं. त्या आठवड्यात खरी अडचण होती ती सिनेमाची. रीळ कापता येत नव्हतं, ठाकुराला घोड्यावरून उतरवता येत नव्हतं. तेव्हा इंटरवलमध्ये साबण आणि बिड्यांच्या जाहिराती दाखवतात तशी स्लाइडची एक काच देवमनने मागून घेतली. तिच्यावर त्याने चार ओळी लिहिल्या आणि मंगळवारी, बिनपगारी, दुसऱ्या मेमोची वाट पाहत, तो तीनच्या खेळाला बायकांच्या क्लासमागे जाऊन उभा राहिला.

इंटरवलला बिड्या आल्या, साबण आला. मग पडद्यावर अक्षरं उमटली: ‘मिस चंडोल उर्फ चतुराबाई हयात आहेत. मुक्काम बडनेरा. वडिलांचे नाव जानराव, मजूर, मुक्काम तिवसा. पहिला दोर त्यांनी बांधला.’

थर्ड क्लासमधून कुणी तरी ते मोठ्याने वाचलं, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी. पुढून चौथ्या ओळीत चतुराबाई उभ्या राहिल्या. मागची बाई ओरडली, “अवो, बसा ना खाली, आमाले दिसून नाही राहिलं!” त्या बसल्या नाहीत. पडद्यावरून ते नाव जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

मग सिनेमा पुढे सुरू झाला. दरी आली, वाघ आला, घोड्यावरचा ठाकूर आला. तार तुटली आणि मिस चंडोल संथपणे खाली येऊ लागली. सनया रडू लागल्या. सवयीने काही बायकांनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात अंधारातून एक दणदणीत आवाज उठला, “भेऊ नका रे! बडनेऱ्याले हाय ते!”

आणि ती पडत असताना, खाली पोचेपर्यंत, सगळं टॉकीज टाळ्या वाजवत होतं.